कोरलच्या टाकीत केएच (पाण्यातली क्षारता) सारखं खाली येतंय, मॉन्टिपोराची (दगडी कोरल) कड पांढरी पडालीय, कॅल्शियम वाढता वाढेना. कोणीतरी सांगा

राजारामपुरी_रीफ

नमस्कार मंडळी, खाऱ्या पाण्याची कोरलची (प्रवाळाची) टाकी तीन फुटी आहे, खाली संप (फिल्टरची दुसरी टाकी), दगड-वाळू सोडून खरं पाणी १६० लिटर धरा. कोल्हापुरात तिसऱ्या मजल्यावर हॉलमध्ये टाकी. आत दोन क्लाउन नि एक रॉयल ग्रामा हे मासे, क्लीनर श्रिम्प, झोआ, एक लेदर, एक हॅमर ही कोरल आणि यंदा घेतलेले मॉन्टिपोराचे दोन फ्रॅग (छोटे तुकडे), सगळं बाहेरच्या फार्मवर वाढवलेलं, कागदासकट घेतलेलं. झोआ नि लेदर एकदम मजेत, झोआ तर दगडभर पसरालेत, पण हॅमर पहिल्यासारखा फुगत नाही आणि मॉन्टीची कड एका बाजूनं पांढरी पडत आत सरकालीय.

आकडे देतो. सॅलिनिटी (खारटपणा) १.०२६, काटा हलतो त्या हायड्रोमीटरवर. टेंपरेचर २६ ते २७.५. पीएच सकाळी ७.८ आणि रात्री ८.१. केएच ७, कॅल्शियम ३६०, मॅग्नेशियम १११०. नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य, फॉस्फेट शोषणारं जीएफओ कायम चालू असतं.

केएच ७ च्या खाली गेलं की दोन चमचे खायचा सोडा कपभर पाण्यात विरघळवून संपमध्ये ओततो, केएच ९ पर्यंत जातं आणि दोन दिवसात परत ७. कॅल्शियमची बाटली पण चालू आहे, लेबलवर लिहिलंय तेवढी टाकतो तरी ३६० च्या वर सरकत नाही, आणि कधी कधी दोन्ही टाकल्यावर पाणी दुधासारखं होतं मग तासाभरात निवळतं. टॉपअपला (उडालेल्या पाण्याची भर घालायला) स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरतो.

आता प्रश्न असे की कॅल्शियमची बाटली बदलू का? पीएच ७.८ म्हणजे कमी आहे का, त्यासाठी बफर टाकू का? आणि एकजण म्हणाला मालवणहून खरं समुद्राचं पाणी कॅनमधनं आण, सगळं आपोआप बरोबर होईल, तर ते चालतंय का? मॉन्टी जाऊ नये एवढंच बघायचंय, प्लीज लवकर सांगा.

शाहूपुरी_खारं_पाणी

भावा, सगळ्यात आधी सोडा नि कॅल्शियम दोन्ही थांबव, आज काही ओतू नकोस. मॉन्टी एका रात्रीत जात नाही पण केएच असं झोके घेत राहिलं तर नक्की जाईल.

तुझ्या आकड्यात माझं लक्ष कॅल्शियमपेक्षा मॅग्नेशियमकडं गेलं. कॅल्शियम कोरल खातात, केएच कोरल खातात, पण मॅग्नेशियम अगदी थोडं वापरलं जातं, दोन फ्रॅग आणि एक हॅमर असलेल्या टाकीत ते असं १११० वर यायचं कारणच नाही. आता समुद्राचा आकडा बघ, ३५ पीपीटी (हजार भागात ३५ भाग मीठ) खारट पाण्यात मॅग्नेशियम १२९० च्या आसपास आणि कॅल्शियम ४१० ते ४२०. तुझं मॅग्नेशियम त्याच्या ८६ टक्के आणि कॅल्शियम पण ८६ टक्के. दोन्ही एकाच मापानं कमी! म्हणजे कोणी खाल्लेलं नाही, सगळं पाणीच पातळ झालंय. माझा अंदाज तुझी सॅलिनिटी ३५ (म्हणजे तुझं १.०२६) नाही, ३० च्या आसपास आहे आणि हायड्रोमीटर खोटं सांगतोय.

तो काट्याचा हायड्रोमीटर काही दिवस वापरला की काट्यावर मिठाची खपली बसते, बारीक बुडबुडे चिकटतात आणि बुडबुडा चिकटला की काटा वर उचलतो, पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसतं. कोणाकडनं तरी रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाशावरनं खारटपणा मोजायचं यंत्र) आण. तो पण आरओच्या पाण्यावर शून्य करून सोडू नको, ३५ च्या स्टँडर्ड पाण्यावर लावून घे, कारण आपल्याला शून्यावर काय दाखवतो ते नकोय, ३५ वर बरोबर दाखवतो का ते हवंय.

आणि किचनच्या आरओला टीडीएस मीटर लाव. बऱ्याच घरच्या मशीनला टीडीएस कंट्रोलर असतो, चवीसाठी थोडं साधं पाणी परत मिसळतात. प्यायला चांगलं पण टाकीला नाही. मोजून इथं टाक, मग पुढचं बोलू.

मोलर_मॅडम

मी कॉलेजला रसायनशास्त्र शिकवते आणि घरी छोटी रीफ टाकी आहे, म्हणून दुधासारखं पाणी का होतं तेवढं सांगते.

कोरलचा सांगाडा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, त्याचं अॅरागोनाइट हे रूप. समुद्राचं पाणी त्या कार्बोनेटच्या बाबतीत आधीच अतिसंपृक्त असतं, म्हणजे विरघळून राहायला हवं त्यापेक्षा जास्त आत असतं, तरीही ते खाली बसत नाही. त्याचं एक मोठं कारण मॅग्नेशियम. कार्बोनेटचा बारीक कण तयार व्हायला लागला की मॅग्नेशियम त्याच्या पृष्ठभागावर शिरतं आणि कण पुढे वाढत नाही. तुमच्याकडे मॅग्नेशियम कमी आणि त्यात एकाच जागी सोडा आणि कॅल्शियम ओतताय, तिथे क्षणभर दोन्हीची तीव्रता प्रचंड वाढते आणि कार्बोनेट पांढरं होऊन बाहेर पडतं. ते दूध म्हणजे तुमचंच केएच आणि कॅल्शियम, कोरलला न मिळता पंपावर, हीटरवर आणि वाळूवर जाऊन बसलेलं. म्हणून केएच दोन दिवसात उतरतं आणि बाटली टाकूनही कॅल्शियम हलत नाही.

दुसरं, केएचची घट लगेच दिसते आणि कॅल्शियमची दिसत नाही यात नवल नाही. कोरल सांगाडा बांधतात तेव्हा १ डीकेएच (केएचचं एकक) वापरलं तर कॅल्शियम फक्त ७ पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) कमी होतं. केएच ८ वरून ७ झालं तर तुम्हाला आठातला एक गेलेला दिसतो, कॅल्शियम ४२० वरून ४१३ झालं तर किटवर कळणारही नाही. म्हणून रोज मोजायचं ते केएच, कॅल्शियम आठवड्यातून एकदा, मॅग्नेशियम महिन्यातून एकदोनदा पुरे.

दोन चमचे सोड्याचा हिशोब सांगते. १०० लिटर पाण्यात १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खायचा सोडा लागतो, तुमच्या १६० लिटरला ४.८ ग्रॅम. सपाट छोटा चमचा जवळपास तेवढाच भरतो. म्हणजे दोन चमचे एकदम ओतले की केएच दोननं वर, तेही काही मिनिटांत. मॉन्टिपोरासारख्या कोरलला दिवसात अर्धा-एक डीकेएचचा फरक कसाबसा चालतो, तोही रोज नको.

पीएचची काळजी करू नका. दिवसा लाईटखाली कोरलमधलं आणि बाकीचं शैवाल कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, पीएच वर जातं, रात्री सगळे श्वास सोडतात, खाली येतं. सकाळी ७.८ आणि रात्री ८.१ हे नेहमीचं चित्र आहे. पावसाळ्यात खिडक्या बंद असतात, घरात माणसं, गॅस चालू, खोलीतल्या हवेतच कार्बन डायऑक्साइड वाढलेला असतो आणि तो पाण्यात उतरतो. बफर टाकलात तर पीएच तासाभरासाठी वाढेल आणि केएच उगाच चढेल. स्किमरची (फेसाने पाण्यातली घाण काढणारं यंत्र) हवेची नळी खिडकीबाहेर काढून बघा, त्याने जास्त फरक पडतो आणि खर्चही नाही.

राजारामपुरी_रीफ

मॅडम, शाहूपुरीवाले दादा, दोघांचे आभार. ओळखीच्या एकाकडनं रिफ्रॅक्टोमीटर आणला, स्टँडर्ड पाण्यावर लावला आणि टाकीचं पाणी बघितलं तर ३०. परत परत बघितलं, ३० च.

आरओचं पाणी ४८ टीडीएस. मशीनच्या पाठीमागं कंट्रोलरचा स्क्रू आहे, तुम्ही म्हणाला तसाच.

पण सॅलिनिटी खाली आली कशी? पाणी बदलताना मीठ दर वेळेस बरोबर टाकतो की, बादलीतलं पाणी पण १.०२६ वरच लावतो. आणि आता वर कशी न्यायची, मीठ सरळ टाकीत टाकायचं का?

शाहूपुरी_खारं_पाणी

बादलीतलं पाणी पण त्याच हायड्रोमीटरवर लावतोस ना, मग तिथंच निम्मं उत्तर आहे. ते पण ३० चंच बनत असणार. उरलेलं निम्मं स्किमरमध्ये बघ. स्किमर ओला चालवत असशील, कपात काळपट घट्ट पाण्याऐवजी चहासारखं पातळ पाणी भरत असेल, तर ते खारं पाणी बाहेर जातंय आणि त्याच्या जागी ऑटो टॉपअप गोडं पाणी भरतंय. रोज थोडं थोडं जातं म्हणून कळत नाही.

वर न्यायचं ते सावकाश, आणि मीठ सरळ टाकीत कधीच नको, कोरलवर एखादा दाणा पडला तर तिथली कातडी जाते. सोपी पद्धत सांगतो, काही दिवस टॉपअपच्या डब्यात गोड्या पाण्याऐवजी ३५ चं खारं पाणी भर. पंखा लावून तुझ्या टाकीतनं रोज तीनेक लिटर पाणी उडत असेल, तर रोज शंभरेक ग्रॅम मीठ आत जाईल, म्हणजे सॅलिनिटी दिवसाला ०.६ च्या आसपास चढेल. आठवडाभरात, फार तर दहा दिवसात ३५ ला येतंय. एकूण ८०० ते ९०० ग्रॅम मीठ लागेल. रोज मोज आणि ३५ झालं की लगेच गोड्या पाण्यावर ये, ते विसरू नको.

या काळात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला हातही लावू नको. सॉल्ट मिक्समध्ये दोन्ही आहे, सॅलिनिटी चढेल तसे ते आपोआप चढतील. तू आत्ता बाटलीनं कॅल्शियम ४२० केलंस आणि मग सॅलिनिटी वर आणलीस तर ते ४९० होऊन बसेल, मग परत दूध.

स्टँडर्ड पाणी मिळत नसेल त्या बाकीच्यांसाठी, ३.६५ ग्रॅम शुद्ध मीठ ९६.३५ ग्रॅम डीआय (सगळे क्षार काढलेल्या) पाण्यात विरघळवा, रिफ्रॅक्टोमीटरला ते ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्यासारखंच दिसतं. मीठ कोरडं हवं आणि काटा पॉइंट शून्य एक ग्रॅम दाखवणारा हवा, गुजरीत सोनारांकडं असतो तसला छोटा डिजिटल काटा ऑनलाईन मिळतो.

आता पाणी. ४८ टीडीएस रोज टॉपअपला जातंय म्हणजे पाणी उडून जातं आणि त्यातलं सगळं आत साठत राहतं. आपल्याकडचं नळाचं पाणी नदीचं नाहीतर धरणाचं, पावसाळ्यात वेगळं आणि मे महिन्यात वेगळं, आणि अपार्टमेंटला बोअर मिसळत असेल तर दगडातलं सिलिकेट पण येतंय. प्यायच्या मशीनचा स्क्रू फिरवत बसू नको, घरचे ओरडतील आणि पाणी तरी शून्य होणार नाही. टाकीसाठी वेगळा साधा आरओ घे, पुढं कार्बन आणि मागं डीआय रेझिन, शेवटी मीटर शून्य दाखवायला पाहिजे. दोन-तीन दाखवायला लागला की रेझिन बदल.

हडपसर_नॅनो

मी पुण्याचा, मधेच बोलतो. मला वाटतं नायट्रेट शून्य आणि फॉस्फेट शून्य हा पण तेवढाच मोठा मुद्दा आहे आणि त्यावर कोणी बोललं नाही. मॉन्टीला लाईटमधून साखर मिळते, पण पेशी बांधायला नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतंच, ते पाण्यात शून्य असेल आणि वरनं केएच झटक्यात वाढवलं तर टोकं जळतात हे मी खूप टाक्यांत बघितलंय. सांगाडा पुढे पळतो आणि कातडी मागे राहते असं म्हणा. जीएफओ आत्ता काढून टाक. फीडिंग वाढव. नायट्रेट ५ च्या आसपास आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ मध्ये ठेव. दोन्ही शून्यावर अडकलं की पुढचा पाहुणा म्हणजे डायनो, तपकिरी शेंबडासारखे धागे आणि त्यात बुडबुडे, ते एकदा आले की जाता जात नाहीत.

अजून एक, पांढरी कड नीट बघ. मॉन्टीची वाढती कड मुळातच फिकट असते, ती चांगली खूण आहे. पण तू म्हणतोयस पांढरं आत सरकतंय, तिथे मोबाईलनं झूम करून बघ, कातडी आहे का नुसता सांगाडा दिसतोय आणि त्यावर हिरवट शेवाळ चढतंय. सांगाडा असेल तर ती जळालेली कड.

आणि डोसिंगला सोड्यापेक्षा काल्कवॉसर (चुन्याचं पाणी) वापर असं मी सांगेन. केएच आणि कॅल्शियम दोन्ही बरोबर प्रमाणात मिळतं, पीएच पण वर राहतं. मी स्वतः केएच ९ वर ठेवतो आणि वाढ जोरात आहे.

शाहूपुरी_खारं_पाणी

जीएफओ काढायचं आणि कड झूम करून बघायची, दोन्ही शंभर टक्के बरोबर, माझ्याकडनं ते राहिलंच.

काल्कवॉसरवर मात्र माझं वेगळं मत आहे, निदान याच्या टाकीसाठी आत्ता नको. चुन्याचं संपृक्त पाणी म्हणजे पीएच १२ च्या वर. ते टॉपअपमधनं थेंब थेंब गेलं तर फार छान, पण फ्लोट स्विच अडकला आणि डबाभर एकदम गेलं तर सकाळी काही उरत नाही. आणि त्याचा डोस पाणी किती उडतं त्यावर अवलंबून, मेमध्ये रोज चार लिटर उडतं आणि जुलैच्या झडीत हवाच एवढी दमट की निम्मं पण उडत नाही. मग कोरलची भूक तीच आणि डोस निम्मा. पुण्यापेक्षा आमच्याकडं पाऊस लांबतो, हे लक्षात घ्या. ज्याचा टॉपअप भरवशाचा आहे आणि जो रोज केएच बघतोय त्यानं जरूर करावं.

आणि केएच ९ का ७.५ यावर भांडण नको. समुद्रात ७ च्या आसपास असतं. तुमच्याकडं नायट्रेट-फॉस्फेट पोटभर आहे म्हणून ९ चालतंय, याच्याकडं शून्य आहे, याला ७.५ ते ८ बरं. महत्त्वाचं हे की जो आकडा धरला तो सोमवारी पण तोच आणि शनिवारी पण तोच.

इचलकरंजी_अॅक्वा

एक विचारू का, आमच्याकडे कापड प्रोसेसवाल्यांना लागतं म्हणून सोडा अॅश पोत्यानं मिळतो, अगदी स्वस्त. आणि ऊसवाल्यांच्या खताच्या दुकानात मॅग्नेशियम सल्फेट. हे वापरलं तर चालेल का? अॅक्वेरियमच्या बाटल्या लई महाग पडतात ओ.

मोलर_मॅडम

ती दोन्ही नकोत. रसायन तेच असलं तरी कापड रंगवायला किंवा उसाला ज्या शुद्धतेचं चालतं त्यात बाकी काय काय आहे हे पोत्यावर लिहिलेलं नसतं, आणि कोरल आणि श्रिम्प तांब्यासारखा धातू अगदी किंचितही सहन करत नाहीत. पानाचा चुनाही याच कारणासाठी नको, कोणीतरी विचारेलच म्हणून आधीच सांगते.

स्वस्तात करायचं असेल तर खायचा सोडा किराणा दुकानातला चालतो, तो खाण्याच्या दर्जाचा असतो. फक्त पाकिटावर सोडियम बायकार्बोनेट एवढंच लिहिलेलं हवं. बेकिंग पावडर वेगळी, त्यात आम्ल आणि स्टार्च असतो. धुण्याचा सोडा वेगळा. कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट आणि मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतं, लॅब ग्रेड किंवा फूड ग्रेड मागा.

राजारामपुरी यांच्यासाठी दोन बाटल्यांचं प्रमाण देते. एका बाटलीत ७५ ग्रॅम खायचा सोडा, डीआय पाणी घालून एकूण १ लिटर. दुसऱ्या बाटलीत ६५ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, तेही एकूण १ लिटर. कॅल्शियम क्लोराइड विरघळताना पाणी गरम होतं, तेव्हा पावडर पाण्यात थोडी थोडी घाला. आता दोन्हीचं माप जुळलेलं आहे, १०० लिटरला पहिल्या बाटलीतले ४० मिली म्हणजे केएच १ नं वर आणि दुसऱ्या बाटलीतले ४० मिली म्हणजे कॅल्शियम ७ नं वर. तुमच्या १६० लिटरला १ डीकेएच म्हणजे ६४ मिली. कोरल ज्या प्रमाणात खातात त्याच प्रमाणात दोन्ही जातात, म्हणून दोन्हीकडून सारखेच मिली टाकायचे.

पण आधी खप काढा. सॅलिनिटी ३५ वर स्थिर झाली, केएच ८ च्या आसपास आलं, की तीन दिवस काहीही न टाकता रोज त्याच वेळेला केएच मोजा, रात्रीचे नऊ तर नऊच. किटच्या सिरिंजमध्ये टोकाशी हवा राहते, वाचताना दर वेळेस एकाच ठिकाणी वाचा, आणि रिएजंटची तारीख बघा. रोज जेवढं उतरतं तो तुमचा खप आणि तेवढाच रोजचा डोस. सोडा रात्री द्या, भरपूर प्रवाहात, आणि कॅल्शियम काही तासांनी. पुढे डोसिंग पंप घेतलात तर तोच डोस दिवसभरात विभागून जाईल.

मॅग्नेशियम सॅलिनिटी बरोबर झाल्यावरही कमी राहिलंच तर १०० लिटरला १०० पीपीएम वाढवायला ८४ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट लागतं. पण मला वाटतं तुम्हाला ते लागणार नाही.

मालवण_किनारा

पाण्याचा प्रश्न राहिला म्हणून लिहितो, मी इथलाच. पाणी नेऊ नका. किनाऱ्यावरचं पाणी आणि खोल समुद्रातलं पाणी एक नव्हे. जूनमध्ये पाऊस धरला की गड नदी, कर्ली नदी सगळं गढूळ गोडं पाणी समुद्रात आणून ओततात, काठाला सॅलिनिटी कुठल्या कुठे उतरते. मेमध्ये पाणी स्वच्छ दिसतं, पण बोटींचं डिझेल, बंदराचा कचरा आहेच. आणि कॅनमध्ये गाडीच्या डिकीत गगनबावडा चढून कोल्हापूरला पोचेपर्यंत त्यातले सूक्ष्मजीव मरायला लागलेले असतात, ते टाकीत जाऊन अमोनिया करतात. ज्याची स्वतःची बोट आहे, जो लांब जाऊन पाणी घेतो, गाळतो, अंधारात साठवतो त्याची गोष्ट वेगळी.

दुसरं, हे इथं लिहिणं गरजेचं आहे. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवती प्रवाळ आहे, १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. दर सीझनला कोणीतरी स्नॉर्केलिंगला येतो आणि खडकाचा तुकडा पिशवीत घालतो, लाइव्ह रॉक म्हणून. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सगळे दगडी प्रवाळ आहेत, म्हणजे वाघाला जे संरक्षण तेच त्याला. मेलेला तुकडा उचलला तरी गुन्हा. बाहेरून आलेल्या दगडी कोरलला साइट्सचे (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागद लागतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर साइट्सच्या यादीतले जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला नोंदणी पण करायची असते, परिवेश या सरकारी पोर्टलवर. राजारामपुरीवाल्यांनी कागद घेतलेत हे चांगलं केलं, नोंदणी पण बघून घ्या. बाकी जो कोणी विना कागद मॉन्टी, हॅमर विकतोय त्याच्याकडून घेऊ नका. आमच्या किनाऱ्याचं प्रवाळ हातभर वाढायला किती वर्षं जातात ते आम्ही डोळ्यानं बघतोय.

राजारामपुरी_रीफ

मालवणकर, पटलं, पाण्याचा विषय बंद. नोंदणीचं बघतो.

आता अपडेट. सॅलिनिटी खाऱ्या टॉपअपनं सावकाश ३५ ला आणली. मीठ सोडून काही टाकलं नव्हतं तरी कॅल्शियम ४१५ आणि मॅग्नेशियम १२८०! दादा, तुम्ही म्हणाला तसंच झालं. स्किमर पण ओलाच चालत होता, पाण्याची पातळी कमी केली, आता कपात काळं येतंय. जीएफओ काढलं, माशांना दिवसातनं दोनदा खायला, नायट्रेट २ दिसालंय, फॉस्फेट ०.०२. वेगळा आरओ-डीआय बसवला, मीटर शून्य.

मग मॅडमनी सांगितल्यासारखं डोस बंद ठेवून रात्री नऊला केएच मोजलं. ८.१, ७.७, ७.३. म्हणजे रोज ०.४. आधी रोज एक उतरत होतं, म्हणजे बाकीचं सगळं ते दूध होऊनच जात होतं म्हणायचं. ०.४ गुणिले ६४ म्हणजे २६ मिली, दोन्ही बाटल्यांतनं २६-२६ चालू केलंय, केएच आता ७.५ ते ७.७ मध्ये उभं आहे.

मॉन्टीच्या एका बाजूला सांगाडा उघडा पडलाय, तिथं हिरवं चढलंय, ते गेलं. पण उरलेली कड थांबलीय, पुढं सरकत नाही. हॅमर दुपारनंतर चांगला फुगालाय.

एक शेवटचं विचारतो. वळवाच्या पावसात आमच्याकडं लाईट जाते, कधी तास कधी चार तास. इन्व्हर्टर घरचा आहे, त्यावर काय काय लावू? आणि डोसिंग पंप घेतला तर लाईट गेल्यावर त्याचं काय होतं?

शाहूपुरी_खारं_पाणी

झकास रे भावा. उघडा भाग फ्रॅग कटरनं काढून टाकलास तर हिरवं पुढं चढायचं थांबेल, कापताना हातात ग्लोव्ज आणि डोळ्याला चष्मा.

इन्व्हर्टरवर फक्त एक वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा) आणि रिटर्न पंप (संपमधनं पाणी वर चढवणारा). लाईट, स्किमर, पंखा सगळं बंद राहिलं तर चार तासात काही होत नाही, पण पाणी हललं नाही तर ऑक्सिजन कमी होतो आणि मासे आधी जातात. बॅटरीवर चालणारा एक एअर पंप पण जवळ ठेव, इन्व्हर्टर पण उतरला तर. मेमध्ये दुपारी लाईट गेली तर टेंपरेचरवर लक्ष ठेव, ३० च्या वर तासनतास राहिलं की कोरल आतलं शैवाल सोडायला लागतात. आरओच्या पाण्याच्या गोठवलेल्या बाटल्या फ्रीजरमध्ये ठेव आणि झाकण घट्ट लावून संपमध्ये तरंगत सोड, एक एक करून, सगळ्या एकदम नको.

डोसिंग पंप घेताना लाईट गेल्यावर घड्याळ लक्षात ठेवणारा घे, आत बॅटरी असलेला. काही स्वस्तातले पंप लाईट आली की वेळ विसरून दिवसाचा डोस पहिल्यापासून सुरू करतात. घेतल्यावर आठवडाभर नळ्या टाकीत न सोडता मोजपात्रात सोड, मधनंच प्लग काढून परत लाव आणि दिवसाचे २६ मिलीच पडतात का बघ. बरोबर पडले की मग नळ्या टाकीवर, सोड्याची एका टोकाला आणि कॅल्शियमची दुसऱ्या टोकाला.